जुन्या तबकड्यांचे अक्षर का लागत नाही?



जिचा साडेतीन इंची अवतार जपानच्या सोनी कंपनीने घडविला आणि त्याच सोनीने मार्च २०११ मध्ये स्वदेशातील जिची विक्री कायमची थांबविली, जिचे चित्र आजच्या संगणकावर केवळ ‘मजकूर जतन करा’ एवढा हुकूम सुचविण्यापुरते शिल्लक राहिले आहे, त्या फ्लॉपी तबकडीवर या व्याख्यानमालेचे एक सायंकाळचे सत्र खर्ची घालावे, हे आपणांपैकी काहींस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु बाजारातून उठलेली वस्तू व्यवहारातून लगेच उठतेच असे नाही. अमेरिकेच्या अण्वस्त्रदलाकडे हुकूम पोचविणारी एक यंत्रणा २०१९ सालापर्यंत आठ इंची तबकड्यांवर विसंबून होती. बोइंग ७४७-४०० जातीच्या विमानांत मार्गनिर्देशनाची माहिती दर अठ्ठावीस दिवसांनी साडेतीन इंची फ्लॉपीने भरण्याचा शिरस्ता अगदी अलीकडेपर्यंत चालू होता. आणि जपानच्या सरकारी नियमांतील फ्लॉपीची सक्ती उठविण्यास २०२४ साल उजाडावे लागले. या मोठ्या उदाहरणांपलीकडे, छापखान्यांच्या फडताळांत, ग्रंथालयांच्या दप्तरांत आणि लेखकांच्या टेबलाच्या खणांत ज्या तबकड्या मुकाट पडून आहेत, त्यांची तर गणतीच नाही.

अशी एखादी तबकडी बाहेर काढून, खटपटीने मिळविलेल्या जुन्या ड्राइव्हमध्ये घातली म्हणजे बहुधा एकच अनुभव येतो : ड्राइव्ह थोडा वेळ घरघरतो आणि तबकडी वाचता येत नाही असा संदेश पडद्यावर उमटतो. मग तबकडी खराब झाली, असा निकाल देऊन ती केराच्या टोपलीत टाकली जाते. माझे आजचे प्रतिपादन या घाईच्या निकालाविरुद्ध आहे. ‘वाचता येत नाही’ हे लक्षण झाले. रोगाचे नाव त्यातून कळत नाही. तबकडी लिहिणारे यंत्र आणि ती वाचणारे यंत्र यांच्यामध्ये विजेचा, तारांचा, चुंबकीय द्रव्याचा, लेखनाच्या वर्तुळाकार वाटेच्या, म्हणजे ट्रॅकच्या, रुंदीचा आणि लेखनपद्धतीचा असे अनेक अलिखित करार असतात. त्यांतील एकही कलम मोडले तरी यंत्राचा संदेश तोच येतो. म्हणून निदान करणाराचे पहिले कर्तव्य हे की, कोणते कलम मोडले आहे ते क्रमाने शोधावे आणि ते सापडेपर्यंत तबकडीवर कोणताही आरोप ठेवू नये.

हे करार इतके विविध का झाले, याचा खुलासा इतिहासात आहे. आय.बी.एम. कंपनीने १९७१ साली आठ इंची तबकडी प्रचारात आणली ती सिस्टिम/३७० या आपल्या प्रचंड यंत्रांत त्यांची अंतर्गत आज्ञावली भरण्यासाठी. ग्राहकाने तिच्यावर काही लिहावे ही कल्पनाच त्या वेळी नव्हती, आणि तिचे पहिले यंत्र केवळ वाचणारे होते. त्या कंपनीतून बाहेर पडलेल्या ॲलन शुगार्ट यांनी १९७३ साली शुगार्ट असोसिएट्स ही कंपनी स्थापन केली, आणि तिने १९७६ साली सव्वापाच इंची तबकडीचा एस.ए.-४०० हा ड्राइव्ह काढला. त्यात ट्रॅक अवघे पस्तीस आणि सामावणारा मजकूर सुमारे ११० किलोबाइट. परंतु त्याच्या पाठीमागील चौतीस तारांचा जोड मात्र पुढे जगभर रूढ झाला. १९७८ साली ॲपलने आपली पद्धत काढली, कमोडोरने आपली, १९८४ मध्ये मॅकिंटॉशने साडेतीन इंची तबकडीसाठी तिसरीच. खुद्द आय.बी.एम.च्या पर्सनल कॉम्प्युटरची तबकडी ऑगस्ट १९८१ मध्ये १६० किलोबाइटांची होती, ती काही वर्षांतच ३२० व ३६० किलोबाइटांची झाली, आणि १९८४ च्या ए.टी. संगणकाबरोबर त्याच आकाराच्या आवरणात १.२ मेगाबाइट मजकूर मावू लागला. या सर्व काळात सर्वांना बंधनकारक असे एक फर्मान काढणारी सत्ता कोठेच नव्हती. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन तबकड्या आतून परस्परांस संपूर्ण अपरिचित असू शकतात, त्या यामुळेच.

आता कलमे क्रमाने घेऊ. पहिले कलम विजेचे. आठ इंची ड्राइव्हपैकी शुगार्टच्या एस.ए.-८०० सारख्या अनेकांत तबकडी फिरविणारी मोटर भिंतीतील विजेवरच चाले, आणि तिचा वेग त्या विजेच्या आवर्तनांवर अवलंबून असे. अमेरिकेत ही आवर्तने सेकंदास ६०, आपल्याकडे ५०. अमेरिकेतून आणलेल्या अशा ड्राइव्हला रोहित्र लावून विजेचा दाब कमी करून दिला तरी आवर्तने काही वाढत नाहीत. परिणामी मिनिटास ३६० फेरे घ्यावयाची तबकडी ३०० फेरेच घेते, आणि वेगाच्या हिशेबावर उभे असलेले सर्व वाचन कोसळते. कारखानदारांना याची जाणीव होती, म्हणून पन्नास आवर्तनांच्या देशांसाठी निराळ्या व्यासाची पुली पुरविली जात असे. यंत्र सुस्थितीत, तबकडी निर्दोष, आणि तरी वाचन नाही, असा प्रकार आढळला तर प्रथम ही पुली पाहावी.

वेगाची हीच परीक्षा सव्वापाच इंची ड्राइव्हमध्ये अधिक सुलभ आहे. त्यांतील अनेकांच्या गतिचक्रावर बारीक रेषांची दोन वर्तुळे छापलेली असतात, एक साठ आवर्तनांसाठी व एक पन्नासांसाठी. विजेच्या दिव्याच्या लुकलुकीत योग्य वर्तुळ स्थिर दिसू लागले म्हणजे वेग बरोबर आहे असे समजावे. परंतु येथे दोन गफलती संभवतात. परदेशी पुस्तिकेत सांगितले म्हणून साठांचे वर्तुळ स्थिर करण्याच्या नादात आपल्याकडे वेगाचा स्क्रू भलतीकडे फिरविला जातो. आणि इलेक्ट्रॉनिक चोकच्या अथवा एल.ई.डी. दिव्याच्या उजेडात ही परीक्षा करू गेल्यास काहीच निष्पन्न होत नाही, कारण त्यांची लुकलुक विजेच्या आवर्तनांबरोबर चालतेच असे नाही. यासाठी जुना जड चोक असलेली ट्यूबलाइटच हवी. साडेतीन इंची ड्राइव्हचा वीजजोड छोटा चार पिनांचा असतो. तो एका पिनेने सरकून बसला तर वीज भलत्या पिनेवर जाऊन ड्राइव्ह कामातून जाऊ शकतो, तेव्हा तो डोळ्यांनी पाहून बसवावा, अंदाजाने नव्हे.

दुसरे कलम तारांचे, आणि येथेच सर्वाधिक तक्रारी उद्भवतात. चौतीस तारांच्या पट्टीत विषम क्रमांकाच्या तारा बहुतांशी जमिनीच्या आणि सम क्रमांकाच्या तारा संकेतांच्या. लाल कडेची तार पहिल्या पिनेकडे असावयास हवी. पट्टी उलटी बसली तर ड्राइव्हचा दिवा संगणक सुरू करताच लागतो आणि विझतच नाही. हे चिन्ह इतके खात्रीचे आहे की, तसा दिवा दिसताच दुसरा तर्क न करता पट्टी काढून नीट बसवावी. मात्र त्या स्थितीत आत तबकडी राहू देऊ नये.

शुगार्टच्या मूळ योजनेत एका पट्टीवर चार ड्राइव्ह जोडता येत आणि कोणी पहिला, कोणी दुसरा, हे प्रत्येक ड्राइव्हवरील जंपर या इवल्या जोडकडीने ठरवावे लागे. विक्रेत्यांनी ही जोडकडी प्रत्येक ड्राइव्हवर बदलण्याची यातायात टाळण्यासाठी आय.बी.एम.ने एक चतुर तोडगा काढला : सर्व ड्राइव्ह ‘दुसरा’ म्हणूनच जुळवावयाचे, आणि पट्टीतील दहा ते सोळा क्रमांकाच्या तारांना मध्येच एक पीळ द्यावयाचा, म्हणजे पिळापलीकडील ड्राइव्ह आपोआप ‘ए’ ठरतो आणि अलीकडील ‘बी’. उत्तरकालीन साडेतीन इंची ड्राइव्हमधून तर ती जोडकडीही नाहीशी झाली. या तोडग्याचे दुष्परिणाम आज भोगावे लागतात. पर्सनल कॉम्प्युटरमधून काढलेला ड्राइव्ह अमिगा अथवा अटारी एस.टी. या संगणकास सरळ तारेने जोडला तर तो मौन धारण करतो, कारण त्या यंत्रांस ‘पहिला’ ड्राइव्ह हवा असतो आणि समोरचा स्वतःस ‘दुसरा’ समजून बसलेला असतो. जुन्या सव्वापाच इंची ड्राइव्हवर तारांच्या शेवटी १५० ओहमचा रोधकसंच असावा लागतो, तो फक्त पट्टीच्या टोकाच्या ड्राइव्हवर; मधल्यावरही तो राहिला तर दोन्ही ड्राइव्ह अधूनमधून चुका करू लागतात, आणि अधूनमधून होणारी चूक ही कायमच्या चुकीपेक्षा शोधण्यास नेहमीच कठीण असते.

तारांच्या या प्रकरणात चौतिसाव्या पिनेचा स्वतंत्र उल्लेख करणे भाग आहे. काही ड्राइव्ह या पिनेवर ‘मी तयार आहे’ असा संकेत देतात, तर ए.टी. व तत्सम संगणकांस तीवर ‘तबकडी बदलली’ अशी इत्तला हवी असते. हा संकेत चुकला म्हणजे एक विलक्षण दोष निर्माण होतो : पहिली तबकडी काढून दुसरी घातली तरी यादी पहिलीचीच दिसते. केवळ यादी चुकीची दिसण्यावर हे थांबले असते तर ते हसण्यावारी नेता आले असते. परंतु त्या भ्रमात संगणकाने दुसऱ्या तबकडीवर काही लिहिले तर पहिलीचा जागावाटपाचा तक्ता दुसरीवर उमटतो, आणि दुसरीतील मजकूर कोठे आहे याचा पत्ताच नाहीसा होतो. उपाय अगदी सोपा, एक जंपर बदलण्याचा किंवा पट्टी बदलण्याचा. परंतु जुने ड्राइव्ह जोडताना दोन निरनिराळ्या तबकड्यांची यादी एकामागून एक घेऊन पाहिल्यावाचून महत्त्वाच्या तबकडीस हात लावू नये, हा दंडकच समजावा. अमिगाचा प्रकार आणखी वेगळा : तिला चौतिसावर ‘तयार आहे’ आणि दुसऱ्या पिनेवर ‘तबकडी बदलली’ असे हवे असते, म्हणून बाजारू ड्राइव्ह तिच्यात चालविण्यास डाग देऊन काही तारा फिरवाव्या लागतात.

तिसरे कलम चुंबकीय द्रव्याचे. तबकडीवरील लेप चुंबकीय ठसा उमटवून घेण्यास जो विरोध करतो तो ओर्स्टेड या मापात सांगतात. सव्वापाच इंचीतील ३६० किलोबाइटांच्या तबकडीचा हा विरोध सुमारे ३०० आणि १.२ मेगाबाइटवालीचा सुमारे ६००, म्हणजे जवळजवळ दुप्पट. म्हणून एकीवर दुसरीच्या पद्धतीने लिहिले तर ते टिकत नाही. साडेतीन इंचीत हे अंतर पुष्कळच कमी, सुमारे ६०० आणि ७०० च्या आसपास, आणि म्हणूनच ७२० किलोबाइटांच्या स्वस्त तबकडीच्या कोपऱ्यास भोक पाडून तिला १.४४ मेगाबाइटची म्हणून वापरण्याची युक्ती एके काळी सर्रास चालली. ती काही महिने चालेही. वर्षे चालेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. ते भोक यंत्राला ‘ही दाट लेखनाची तबकडी आहे’ असे सांगण्यासाठी असते, परंतु आय.बी.एम.च्या पी.एस./२ मालिकेतील काही ड्राइव्ह ते पाहतच नसत. त्यामुळे तेथे दाट तबकडीवर विरळ किंवा विरळीवर दाट लिहिले गेले, आणि इतर यंत्रांत ती तबकडी गेली की अक्षर लागेनासे झाले. अशा वेळी दाट तबकडीवर विरळ लेखन असेल तर ते भोक अपारदर्शक चिकटपट्टीने झाकून पाहावे. अनेकदा एवढ्याने मजकूर वाचता येतो.

यांपेक्षाही सूक्ष्म आणि अधिक मजकूर नासविणारे असे चौथे कलम ट्रॅकच्या रुंदीचे. ३६० किलोबाइटांच्या ड्राइव्हमध्ये एका बाजूवर चाळीस ट्रॅक, प्रत्येकाची रुंदी सुमारे ०.३३ मिलिमीटर; १.२ मेगाबाइटांच्या ड्राइव्हमध्ये ऐंशी ट्रॅक, रुंदी सुमारे ०.१६ मिलिमीटर. नव्या ड्राइव्हने जुनी तबकडी वाचावी अशी योजना केलेली होती : त्याचे वाचणारे-लिहिणारे हेड प्रत्येक वेळी एकाऐवजी दोन पावले टाकते, आणि तबकडी मिनिटास ३०० ऐवजी ३६० फेरे घेत असल्यामुळे ड्राइव्ह चालविणारा कंट्रोलर सेकंदास २५० ऐवजी ३०० किलोबिट या वेगाने वाचतो. वाचनापुरते हे उत्तम चालते. लेखनात घात होतो. नवे अरुंद हेड जुन्या रुंद ट्रॅकच्या मध्यभागी लिहिते, आणि दोन्ही कडांना जुना मजकूर तसाच राहतो; अंगणातील रुंद जुनी रांगोळी न पुसता तिच्यावर बारीक रेघेने नवी काढावी आणि पाहणाराने दोन्ही मिळून एकच आकृती समजावी, तसा प्रकार होतो. नवा ड्राइव्ह स्वतःचे अक्षर बिनचूक वाचतो, कारण त्याच्या अरुंद हेडास मधलाच भाग दिसतो. जुन्या ड्राइव्हला मात्र नवा व जुना मजकूर एकत्र ऐकू येऊन काहीच बोध होत नाही. ‘माझ्याकडे चालते, तुमचाच ड्राइव्ह बिघडला असेल’ असे जे वाद १९८०-९० च्या दशकांत कचेऱ्याकचेऱ्यांतून होत, त्यांतील पुष्कळांचे मूळ येथे आहे, आणि दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे बोलत होते. याचा परिहार एवढाच की, ३६० ची तबकडी १.२ च्या ड्राइव्हमध्ये लिहावयाची झाल्यास ती पूर्वी कधीही न लिहिलेली अथवा मोठ्या चुंबकाने सर्वस्वी पुसलेली असावी. आणि शक्य असेल तेथे लेखन जुन्या ड्राइव्हनेच करावे, नव्याने नव्हे.

पाचवे कलम लेखनपद्धतीचे. येथे तारा बरोबर, वेग बरोबर, ट्रॅक बरोबर, आणि तरी भाषाच निराळी असते. आरंभीची विरळ पद्धत एफ.एम., नंतरची दुप्पट दाट एम.एफ.एम.; पुढील काळातील पर्सनल कॉम्प्युटरच्या अनेक कंट्रोलरांना पहिली पद्धत वाचताच येत नाही. ॲपलच्या १९७८ च्या डिस्क-टू ड्राइव्हमध्ये स्टीव्ह वोझनियाक यांनी बहुतेक काम यंत्राकडून काढून आज्ञावलीकडे सोपविले. त्यात ट्रॅक शून्य ओळखणारा संवेदकही नव्हता, म्हणून सुरुवातीस हेड अडणीवर खडखड आपटत मागे जाते. हा आवाज ऐकून ड्राइव्ह मोडला असे समजू नये. तो त्याचा स्वभाव आहे. प्रारंभी एका ट्रॅकवर मजकुराचे तेरा तुकडे, म्हणजे सेक्टर, होते, ते १९८० मध्ये सोळा झाले, आणि एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांत विसंगती आली. परिघावरील लांब ट्रॅकवर अधिक मजकूर मावावा म्हणून कमोडोरच्या १५४१ ड्राइव्हने तबकडीचा वेग कायम ठेवून लेखनाची गती बदलली. मॅकिंटॉशने लेखनाची गती कायम ठेवून मोटरचाच वेग बदलला, आणि बाहेरील ट्रॅकवर बारा सेक्टर, आतील ट्रॅकवर आठ अशी विभागणी करून एका बाजूत ४०० किलोबाइट भरले. एकाच वेगाने फिरणाऱ्या पर्सनल कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला व त्याच्या ठरावीक चाकोरीतील कंट्रोलरला हे लेखन उमगत नाही. १९८८ मध्ये ॲपलने सुपरड्राइव्ह काढला तेव्हा तो दोन्ही पद्धती वाचू लागला. अमिगाने एम.एफ.एम. पद्धतच स्वीकारली, परंतु सेक्टरांमधील मोकळ्या जागा काढून अकरा सेक्टर सलग लिहिले आणि ८८० किलोबाइट साधले. तिच्या लवचीक यंत्रणेस पर्सनल कॉम्प्युटरची तबकडी वाचता येते, उलट दिशेने मात्र साधत नाही. तेव्हा तबकडी हाती आली म्हणजे पहिला प्रश्न ‘हिच्यावर काय आहे’ हा नसावा, ‘ही कोणत्या यंत्राने लिहिली’ हा असावा.

सहावे कलम वयाचे. रबरी पट्टे ताणले जातात, हेड सरकविणाऱ्या दांड्यावरील वंगण गोठते, आणि हेड मूळ जागेवरून किंचित ढळते. ढळलेल्या हेडाचा ड्राइव्ह स्वतः लिहिलेले सारे वाचतो आणि इतरांचे काहीच वाचत नाही. म्हणून एखादी तबकडी कोणत्याच ड्राइव्हला लागत नसेल तर ती ज्या ड्राइव्हवर लिहिली गेली तोच हुडकून काढावा, त्याची जुळणी दुरुस्त करण्याआधी. दुरुस्त केलात तर त्याच्या वाकड्या अक्षराचा एकमेव वाचकही नाहीसा झाला. तबकडीचे वय हवामानावर ठरते. कोकणपट्टी व मुंबईच्या दमट हवेत लेपावर बुरशी चढते; साडेतीन इंचीची धातूची झडप सरकवून वा सव्वापाच इंचीच्या लांबट खिडकीतून पाहिल्यास ती पांढुरक्या ठिपक्यांच्या रूपाने दिसते. अशी तबकडी तशीच आत घातली तर हेड माखते, आणि माखलेले हेड पुढील निर्दोष तबकडीस ओरखडते. म्हणून बुरशीची तबकडी आवरणातून काढून, ऊर्ध्वपातित पाण्याने हलक्या हाताने धुऊन, सावलीत वाळवून मगच वाचावी, आणि प्रत्येक शंकास्पद तबकडीनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे.

ही सहा कलमे ध्यानात घेतली म्हणजे निदानाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम तबकडीस लेखनापासून संरक्षण द्यावे. यातही आकारागणिक रिवाज भिन्न आहे : साडेतीन इंचीत खिडकी उघडी म्हणजे संरक्षण, सव्वापाच इंचीत कडेची खाच झाकली म्हणजे संरक्षण, आठ इंचीत याच्या बरोबर उलट, खाच उघडी म्हणजे संरक्षण. झाकण्यास काळी अपारदर्शक पट्टी हवी, कारण साध्या पारदर्शक सेलोटेपमधून प्रकाशकिरण आरपार जातो आणि यंत्र फसते. हे संरक्षण निव्वळ सोवळेपणा नव्हे. विंडोज ९५ ही प्रणाली असंरक्षित फ्लॉपीची नुसती यादी पाहतानाही तिच्या पहिल्या सेक्टरात आपली खूण लिहीत असे, आणि कित्येक जुन्या तबकड्या तेवढ्याने अपरिचित यंत्रांस परक्या झाल्या. त्यानंतर बिनमोलाची पण निश्चित चांगली तबकडी घालून ड्राइव्हची परीक्षा घ्यावी, मग वेग, मग पट्टी, मग जंपर, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलून काम झाले तर आनंद होतो, ज्ञान होत नाही.

एवढे करूनही अक्षर लागले नाही तर अलीकडच्या काळाने एक नवे साधन दिले आहे. क्रायोफ्लक्स, ग्रीझविझल यांसारखी छोटी उपकरणे जुना ड्राइव्ह आधुनिक संगणकास जोडतात आणि लेखनाचा अर्थ लावण्याच्या भरीस न पडता, चुंबकीय दिशा केव्हा केव्हा बदलली याची केवळ काळमोजणी टिपून घेतात. अर्थ लावण्याचे काम मागाहून, पाहिजे तितक्या वेळा, तबकडीस पुन्हा हात न लावता करता येते. न्यायालयात साक्षीदाराची जबानी आधी शब्दशः उतरून घ्यावी आणि तिचे मूल्यमापन नंतर करावे, हे तत्त्व येथे यंत्राने स्वीकारले आहे. २०१४ साली पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक मंडळाने चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९८५ मध्ये अमिगावर काढलेली चित्रे याच मार्गाने उजेडात आणली. तबकड्या वॉरहॉल संग्रहालयात वर्षानुवर्षे होत्या. परंतु तबकडी वाचल्यानेही काम संपले नाही, कारण चित्रे ज्या आज्ञावलीच्या पूर्वरूपात काढली होती तिची मांडणी कोणास ठाऊक नव्हती, आणि ती नव्याने उलगडावी लागली.

हा शेवटचा अनुभव मराठीस फार जवळचा आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मराठी छापखान्यांत खिळ्यांची जागा संगणकावरील अक्षरजुळणीने घेतली, आणि जुळाऱ्याकडून मुद्रकाकडे जाणारा मजकूर फ्लॉपीने जाऊ लागला. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट तंत्र, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आणि इतर कित्येक अक्षरसंच यांच्या साहाय्याने जे लिहिले गेले त्याचे अंतर्गत संकेत परस्परांहून भिन्न होते. इस्की हा भारतीय लिप्यांचा मानक संकेत १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला खरा, परंतु अनेक अक्षरसंचांनी रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकृती बसविल्या. तबकडी वाचली, मजकूर संगणकात आला, आणि उघडून पाहावा तो रोमन अक्षरांचा अर्थहीन खिचडा, असा प्रकार त्यामुळे होतो. हा खिचडा नासलेला मजकूर नव्हे. मूळ अक्षरसंचाचे नाव कळले तर तो आजच्या युनिकोडमध्ये आणता येतो. म्हणजे आपल्याकडे मघाच्या सहा कलमांत सातव्याची भर पडते, आणि ते कलम जाणणारे लोक, म्हणजे त्या काळचे जुळारी व मुद्रक, अद्याप आपल्यात आहेत.

म्हणून शेवटी माझी विनंती यंत्रप्रेमी मंडळींपेक्षा प्रकाशकांना, मुद्रकांना, नियतकालिकांच्या संपादकांना आणि लेखकांच्या वारसांना आहे. आपल्याकडील तबकड्या फेकू नका, आणि उत्साहाच्या भरात हाती लागेल त्या ड्राइव्हमध्ये घालूही नका. प्रत्येकीवर मऊ पेनाने तिचे साल, ज्या संगणकावर ती लिहिली त्याचे नाव आणि अक्षरसंच कोणता होता हे, आठवते तेवढे, लिहून ठेवा. ज्याने ती लिहिली तो मनुष्य हयात असेल तर त्याला विचारून लिहा. तिला लेखनापासून संरक्षण द्या, कोरड्या जागी ठेवा, आणि जाणत्या माणसाकडून तिची चुंबकीय जबानी शक्य तितक्या लवकर उतरवून घ्या. ड्राइव्ह पुन्हा घडवता येईल, तार पुन्हा जोडता येईल. लेप एकदा सुटला की त्यावरील मजकूर कोणत्याही उपायाने परत येत नाही, आणि पुढचा पावसाळा फार दूर नाही.